आर्वीचे पाय

लवादाच्या इमारतीच्या एकतीस पायऱ्या मी आर्वीच्या पायांनी चढले. हे काही शोभेसाठी लिहिलेलं वाक्य नाही. अर्धांगवायूने डावी बाजू निम्मी गेलेली बासष्ट वर्षांची बाई काठीशिवाय पायऱ्या चढते, तेव्हा तिच्या कमरेपासून घोट्यापर्यंत आवळलेल्या काळ्या पट्ट्यात दुसऱ्या कुणाचे तरी पाय चालत असतात. माझ्या पट्ट्यात आर्वी ढवळेचे चालत होते. आत जाऊन मी जी साक्ष देणार होते, ती आर्वीच्या बाजूने गेली तर ते पाय थांबण्याची शक्यता होती.

मी इंदुमती कोष्टी. वारणाकाठच्या एका शाळेत चौतीस वर्षं पी.टी. शिकवलं, म्हणजे खरं तर खो-खो शिकवला, बाकीचं सगळं सव्वीस जानेवारीच्या परेडपुरतं. आर्वी माझी विद्यार्थिनी. ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेली. नऊ वर्षांची असताना ती आमच्या शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहून खेळ बघायची. एकदा चेंडू बाहेर गेला आणि तो आणायला तीन पोरं धावली. ही त्यांच्यामधून अशी निघून गेली की तिघं एकमेकांवर आपटली. मी त्याच संध्याकाळी तिच्या आईला, जिजाला, फडावर जाऊन भेटले आणि पोरगी मागून घेतली. शाळेतली नऊ वर्षं ती माझ्या घरी राहिली. चारच वर्षांत जिजा गेली, तेव्हाही ती माझ्याच घरी होती.

पट्ट्याला लोक 'सावर' म्हणतात. तो कसा चालतो हे मला तो बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने समजावलं होतं, आणि मी चौतीस वर्षं पोरांना समजावत आलेय, त्यामुळे तुम्हालाही सांगते. तोल जातोय हे आपल्या शरीराला सेकंदाच्या दहाव्या भागातच कळतं. पण कळल्यावर आपण घाबरतो, सगळे स्नायू एकदम आवळून घेतो आणि ओंडक्यासारखे कोसळतो. खो-खोतली धावणारी पोरगी नेमकं उलट करते. हुलकावणी देताना ती मुद्दाम तोल सोडते, मागची त्या बाजूला झेपावते, आणि ही सुटलेला तोल दुसऱ्याच जागी उचलून पसार होते. म्हणजे पडता पडता न पडण्यात ती तरबेज असते.

ही विद्या यंत्राला शिकवायची कशी? त्यासाठी सरावाची विजार असते. तिच्या कापडात केसाएवढ्या तारा विणलेल्या असतात. स्नायू हलण्याच्या किंचित आधी त्यात विजेचा संकेत येतो, पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ आधी, आणि या तारा तो टिपतात. लाखभर पावलं टिपली की संगणकाला त्या माणसाची रीत सापडते: कुठला स्नायू आधी, किती जोराने, कुठला नेमका कधी सैल सोडायचा. या रीतीला ठसा म्हणतात. बोटाच्या ठशासारखाच तो ज्याचा त्याचा असतो. म्हाताऱ्या माणसाचा तोल जायला लागला, की तो घाबरण्याच्या आत पट्ट्यातल्या मोटारी त्याचा पाय त्या ठशाप्रमाणे हलवतात.

कंपनीने दोनशे कॉलेज खेळाडूंचे ठसे तपासले. बहुतेकांचे म्हाताऱ्या हाडांना झेपण्यासारखे नव्हते. आर्वीचा मात्र बसला, आणि तिच्या कॉलेजने तो कंपनीला कोट्यवधींना दिला. तिचं पाऊल जमिनीला आधी नुसतं टेकतं, चाचपतं आणि मगच भार घेतं, तेही इतक्या झटपट की डोळ्याला दिसत नाही. असं का, हे इंजिनिअरांना कळेना. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. ऊस तोडल्यावर रानात खोडक्या उरतात, सुरीसारख्या धारदार. त्या रानातून अनवाणी धावत मोठी झालेली पोरगी पाऊल असंच टाकणार. आज राज्यातले चाळीस हजार म्हातारे-म्हाताऱ्या फरशीवर चालताना खोडक्या चुकवत चालतात आणि त्यांना त्याचा पत्ता नाही.

मला सावर मिळाला तो कॉलेजच्या सौजन्याने. 'गुरूला शिष्येची भेट' असा फलक लावून, फोटो काढून. शिष्येला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं, हे मला फार नंतर कळलं.

भानगड कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी सुरू झाली. आर्वीला व्यावसायिक लीगमधल्या एका संघाने निवडलं. लीगमध्ये गडी बाद झाला की नाही हे विजारीतल्या तारांवरूनच ठरतं, त्यामुळे विजार घातल्याशिवाय मैदानात पाय ठेवता येत नाही. सह्यकडा महाविद्यालयाने लगेच हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की आर्वीचा ठसा कायमचा कॉलेजच्या मालकीचा आहे. दुसऱ्या कुणाच्या विजारीत ती धावली तर तो ठसा टिपला जाईल, म्हणजे आमच्या मालाची चोरी होईल. पोरीने धावायचं असेल तर आमच्या परवानगीने, आम्ही सांगू त्या संघाकडून.

प्रवेश अर्जाला जोडलेलं एक परिशिष्ट होतं, त्यावर तिची सही होती. चौदा पानं, बारीक टाइप. पालकाच्या सहीची चौकट रिकामी होती, कारण त्या आठवड्यात मी सांगलीला दवाखान्यात तोंड वाकडं करून पडले होते आणि तिचा बाप कर्नाटकात वीटभट्टीवर होता.

आर्वीची वकील नाझनीन मुजावर, तिशीतली, बोलायला लागली की समोरच्याने पाणी प्यावं अशी. पहिल्या तारखेलाच ती लवादाला म्हणाली, "मॅडम, नियम असा आहे की विद्यार्थी-खेळाडूने खेळाचा एक रुपया घेतला तर तो हौशी राहत नाही, स्पर्धेतून बाद होतो. आणि त्याच खेळाचे कोटी रुपये संस्थेने घेतले तर त्याला संशोधन म्हणतात. ही मुलगी विद्यार्थिनी आहे की कामगार? कामगार असेल तर तिचा मोबदला द्या. विद्यार्थिनी असेल तर तिचे पाय तिला परत द्या."

लवादाच्या अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि सांगितलं, की हा प्रश्न कायदेमंडळाचा आहे, माझ्यासमोर फक्त एवढंच आहे की ती सही ग्राह्य धरायची की नाही.

तेव्हा मुजावरला जन्मतारीख सापडली. शाळेच्या दाखल्यावर १ जून २०१९. सही जुलै २०३६ची. म्हणजे सही करताना पोरगी सतरा वर्षं एक महिन्याची. कायद्याने अज्ञान. अज्ञान मुलाने केलेला करार हा करारच नसतो. कॉलेजने हाडांची तपासणी मागितली, पण विशी ओलांडलेल्या माणसाचं वय हाडांवरून वर्ष-दीड वर्षाच्या फरकाने चुकू शकतं, असं डॉक्टरांनीच लिहून दिलं. आर्वीच्या मांडीतला कुठला धागा कितव्या क्षणी ताणला जातो हे यंत्राला ठाऊक होतं. ती जन्मली कधी हे ठाऊक नव्हतं. बापाने हात वर केले, "आम्हाला तारखा कुठं ठावं, साहेब."

राहिलं शाळेचं रजिस्टर. आणि ते माझ्या हातचं.

आता खरं सांगते. आमच्याकडच्या जुन्या मास्तरांची आवडती तारीख १ जून. जन्माचा कागद नसला की तीच ठोकायची, निम्मी पंचक्रोशी एकाच दिवशी जन्मलेली. आमच्या शाळेला कारकून नव्हता, रजिस्टर मीच लिहायची. जिजाने मला पोरीचा जन्मदिवस नीट सांगितला होता. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. मुकादमाच्या बायकोने कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, घट मांडला होता, ती कहाणी वाचत होती आणि शेजारच्या कोपीत हिचा जन्म झाला. साल दोन हजार सतरा. मी कॅलेंडर काढून तारीखही पाहिली होती: ३० नोव्हेंबर. आणि तरी रजिस्टरमध्ये १ जून २०१९ लिहिलं. दीड वर्षं कमी, म्हणजे चौदा वर्षांखालच्या गटात दोन हंगाम जास्त. आमच्या शाळेने राज्याचं अजिंक्यपद जिंकलं ते त्या दोन हंगामांतल्या पहिल्या वर्षी. ती ढाल अजून मुख्याध्यापकांच्या कपाटावर आहे. मला त्याची लाज वाटत नव्हती, हेही सांगून टाकते. सगळेच करतात, असं म्हणून मी झोपायची आणि झोप लागायची.

साक्षीच्या दिवशी मी ठरवूनच आले होते: रजिस्टरमधली तारीख बरोबर आहे असं शपथेवर सांगायचं. पोरगी सुटेल. माझा पट्टा बंद पडला तर पडला.

व्हरांड्यात सह्यकड्याचे प्राचार्य लाटकर माझी वाट बघत होते. सोनेरी काडीचा चष्मा, मऊ आवाज. मला बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि बॅगेतून एक वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, कडेला माझ्या हाताने शिवलेली.

ती माझी सरावाची वही होती.

प्रत्येक पोरीचं एक पान. वजन, उंची, पाळी कधी सुरू झाली, गुडघा दुखतो का. आणि सगळ्यात वर खरं वय. कागदावर वय काहीही असो, बारा वर्षांच्या हाडांना चौदा वर्षांच्या फेऱ्या दिल्या तर गुडघे जातात. रजिस्टरमध्ये मी खोटं लिहिलं, पण वहीत कधी लिहिलं नाही. पोरीच्या गुडघ्याशी खोटं बोलता येत नाही. आणि आर्वीला सह्यकड्यात प्रवेश मिळाला तेव्हा, दवाखान्यातून घरी आल्यावर, मीच ती वही मोठ्या अभिमानाने तिथल्या प्रशिक्षकाला पाठवली होती. पोरीला कसं वाढवलंय ते कळावं म्हणून.

लाटकरांनी पान उघडून दाखवलं. 'आर्वी ढवळे. जन्म ३०/११/२०१७.' खाली माझी सही.

"कोष्टीबाई, खोटं बोला असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "मी म्हणतो, बोलूच नका. साक्षीला उभ्या राहू नका. तब्येतीचं कारण आहेच. तुमची साक्ष नाही, तर रजिस्टर सिद्ध होत नाही, वयाचा मुद्दा आपोआप पडतो. वही माझ्या कपाटात राहील. तुमच्या शाळेची ढाल राहील, मुलींची पदकं राहतील, तुमचं नाव राहील. सावर तर आयुष्यभर तुमचाच."

"आणि आर्वी?"

"ती खेळेल की. आम्ही सांगू त्या संघाकडून खेळेल. तिचं वाईट का करू आम्ही?"

"आणि मी उभी राहिले तर?"

त्यांनी वही बंद केली. "मग ही आमच्या वकिलांना द्यावी लागेल. शपथेवर खोटं बोलल्याची शिक्षा तुम्हाला माहीतच असेल. मला तुमच्या वयाकडे बघून वाईट वाटतं." एवढं बोलून ते उठले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं असं मला वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

साक्ष जेवणाच्या सुट्टीनंतर होती. जिन्याखालच्या कॅन्टीनमध्ये आर्वी आणि मुजावर पोहे खात होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. रजिस्टर, वही, लाटकर. आयुष्यात मी कुठल्याही विद्यार्थ्यासमोर मान खाली घालून बोलले नव्हते.

आर्वीने चमचा बशीत ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे मी एकवीस पूर्ण हाय?"

"हो. बाविसावं चालू आहे."

"आईनं तारीख सांगितली होती?"

"दिवस सांगितला होता. तारीख मी काढली."

"आई गेली तेव्हा मी तुमास्नी विचारलं होतं बाई, माझा वाढदिवस खरा कधी असतोय. तुमी म्हणालात, एक जून." तिचा आवाज चढला नव्हता, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. "आईची तेवढी एकच गोष्ट होती माझ्यापाशी ठेवायला. ती बी तुमी वहीत लिहून ठेवली आणि कॉलेजला पाठवली."

मी म्हणाले, "तुझ्या भल्यासाठी केलं गं."

"लाटकर सर बी हेच म्हणतात."

चौतीस वर्षं मी पोरींना हुलकावणी शिकवली, आणि त्या क्षणी मला जागेवरून हलता येईना. सह्यकड्याने तिचे पाय न विचारता घेतले म्हणून मी तावातावाने साक्षीला निघाले होते. पण सगळ्यात आधी ते घेतले होते मी. ढालीसाठी.

मुजावर मधल्या वेळात मोबाइलवर काहीतरी शोधत होती. ती एकदम म्हणाली, "प्रवेश अर्जाचं पहिलं पान आहे का कुणाकडे?" मग स्वतःच फाइल उपसली आणि बोट ठेवलं. अगदी वर, ठळक अक्षरांत छापलं होतं, जे आपल्याकडच्या प्रत्येक अर्जावर असतं आणि कुणीच वाचत नाही: खोट्या दाखल्याच्या आधारे मिळवलेला प्रवेश पहिल्या दिवसापासून रद्द समजला जाईल.

"आर्वीला प्रवेश कशावर मिळाला?" तिने विचारलं.

"खेळाच्या कोट्यातून," मी म्हणाले. "राज्य अजिंक्यपदाच्या पदकावर."

"आणि ते पदक या दाखल्यावर." तिने पाण्याचा ग्लास एका घोटात संपवला. "बाई, ऐका. तारीख खरी असेल तर आर्वी अज्ञान होती, सही गेली. तारीख खोटी असेल तर प्रवेशच रद्द, आणि हा करार म्हणजे त्या प्रवेशाचं परिशिष्ट. तोही गेला. लाटकरांना वही बाहेर काढायचीच नाहीये. ते तुम्हाला घाबरवून गप्प बसवतायत. तुम्ही स्वतःहून खरं सांगितलंत तर त्यांच्या हातात काही उरत नाही."

"आणि आमच्या हातात?"

मुजावरने माझ्याकडे बघितलं. ती उगाच गोड बोलणारी नव्हती. "काही नाही. आर्वीची सगळी पदकं जातील. तीन वर्षांचं कॉलेज पुसलं जाईल, पदवी नाही. तुमच्या शाळेच्या संघाचं अजिंक्यपद जाईल, बाराही मुलींचं. तुमच्यावर गुन्हा नोंदवला जाईल. पेन्शन थांबू शकते. लीग आर्वीला घेईल की नाही, हेही मी सांगू शकत नाही. पाय तेवढे तिचे राहतील."

मी आर्वीकडे वळले. सवयीने तोंडात आलं होतं, 'असं करू या.' मी ते गिळलं. विचारलं, "काय करू मी?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. तेवढ्यात शिपाई येऊन पुकारा करून गेला.

"त्या अकराजणींना मी सांगीन," ती म्हणाली. "तुमी न्हाई. राणीच्या बापानं ते पदक देव्हाऱ्यात ठेवलंय, त्याला मी सांगीन. तुमी आत जावा आणि खरं सांगा."

साक्षीच्या पिंजऱ्याला एक पायरी होती. तीही मी आर्वीच्याच पायाने चढले.

कॉलेजचे वकील सबनीस हसतमुख होते. त्यांना वाटलं असावं, मी एकतर तब्येतीचं कारण सांगेन किंवा शपथेवर खोटं बोलून त्यांच्या तावडीत सापडेन. मुजावरने रजिस्टर माझ्यासमोर धरलं. "हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"ही तारीख बरोबर आहे?"

"नाही. खोटी आहे. मी मुद्दाम खोटी लिहिली. मुलीला माहीत नव्हतं, तिच्या आईबापालाही नव्हतं. खरी तारीख तीस नोव्हेंबर दोन हजार सतरा. माझ्या अक्षरात लिहिलेली वही प्राचार्यांच्या बॅगेत आहे, आज सकाळी मला दाखवली त्यांनी."

लाटकरांनी बॅग मांडीवरून उचलून खाली ठेवली.

सबनीस लगेच उभे राहिले. "मॅडम, साक्षीदाराने स्वतःच कबूल केलं आहे. म्हणजे सही करताना मुलगी अठरा वर्षं सात महिन्यांची, पूर्ण सज्ञान होती. करार ग्राह्य ठरतो."

"मॅडम, मग संस्थेने एवढंच स्पष्ट करावं," मुजावर म्हणाली, "त्यांच्या मते आर्वी ढवळेचा प्रवेश ग्राह्य आहे की नाही?" आणि तिने पहिलं पान पुढे ठेवलं.

सबनीसांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. प्रवेश ग्राह्य आहे म्हणावं, तर खोट्या दाखल्याला संस्थेनेच पाठीशी घातल्यासारखं होणार. शिवाय वही त्यांच्याकडे तीन वर्षं होती, म्हणजे त्यांना ते माहीत होतं हेही आलंच. नाही म्हणावं, तर करार गेला. ते लाटकरांकडे वळले आणि लाटकर खिडकीकडे.

अध्यक्षांनी दोन मिनिटं थांबून विचारलं, "संस्थेचं उत्तर?" उत्तर आलं नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत?"

"आहेत. मला उशिरा कळले," मी म्हणाले. माझा आवाज फुटला आणि मी तो सावरला नाही.

निकाल आठवड्याने आला. प्रवेश पहिल्या दिवसापासून रद्द, परिशिष्ट रद्द. ठसा आर्वी ढवळे यांचा, संस्थेचा किंवा कंपनीचा त्यावर हक्क नाही. तिची सर्व पदकं आणि शालेय संघाचं अजिंक्यपद परत करण्याची शिफारस. इंदुमती कोष्टी यांच्याविरुद्ध स्वतंत्र चौकशी. वापरकर्त्यांच्या सुरक्षिततेसाठी चालू असलेले सर्व पट्टे तीस दिवस चालू राहतील, त्यानंतर प्रत्येक वापरकर्त्याला मूळ खेळाडूची परवानगी लागेल. खेळाडू विद्यार्थी की कामगार, तो मूळ प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. तो पुढच्या कुणाच्या तरी पायांवर सुटेल.

आर्वी मला भेटली नाही. गावात येऊन गेली एवढं कळलं. अकरा घरी गेली. काही ठिकाणी चहा मिळाला, काही ठिकाणी नाही. राणीच्या बापाने पदक काढून दिलं आणि दार लावून घेतलं. शाळेतली ढाल तिने स्वतः उतरवली. त्या सबंध महिन्यात माझा फोन वाजला तो फक्त चौकशी अधिकाऱ्याचा. लीगने तिचं नाव चौकशी संपेपर्यंत राखून ठेवलंय, हे मी पेपरात वाचलं.

एकतिसाव्या दिवशी सकाळी मी पलंगाच्या कडेला बसून पट्टा बांधला. दिवा लाल. मी उठायला गेले आणि डावा पाय भिजलेल्या पोत्यासारखा जागच्या जागी राहिला. काठी कोपऱ्यात होती, चार पावलांवर.

मोबाइलवर अर्ज आला होता. वापरकर्त्याचं नाव. वय. मूळ खेळाडूचं नाव. मूळ खेळाडूची जन्मतारीख, ओळख पटवण्यासाठी. कारण.

नाव भरलं. जन्मतारखेच्या चौकटीत बोट अडलं. रजिस्टरमध्ये तिची तारीख लिहिताना ते अडलं नव्हतं. मी लिहिलं: ३०/११/२०१७. कारणाची चौकट रिकामी ठेवून अर्ज पाठवला. माझा पाय चालत नाही हे तिला वेगळं काय सांगायचं, असं वाटलं.

दहा मिनिटांत अर्ज परत आला. त्यावर शेरा होता: 'अपूर्ण. कारण लिहा.' बदली तासाला गृहपाठाच्या वह्या मी असाच शेरा मारून परत द्यायची.

मी तशीच बसून राहिले. बाहेर शाळेची घंटा झाली, प्रार्थना झाली. पुष्कळ कारणं सुचली. म्हातारपण, पक्षाघात, एकटी बाई, तुला वाढवलं. ती सगळी खरी होती आणि त्यातलं एकही लिहिण्याजोगं नव्हतं. शेवटी लिहिलं, 'पहिल्या वेळी न विचारता घेतले होते. म्हणून आता विचारते.'

पाठवलं आणि मोबाइल उशीवर पालथा ठेवला.

किती वेळ गेला कोण जाणे. कमरेपाशी बारीक गुणगुण सुरू झाली. दिवा हिरवा झाला होता. मोबाइल सरळ केला. परवानगीखाली दुसरं काही लिहिलेलं नव्हतं, फक्त मुदत होती: ३० नोव्हेंबरपर्यंत. त्यानंतर दर वर्षी त्याच तारखेला नवा अर्ज.

म्हणजे दर वर्षी तिच्या वाढदिवसाला मी तिला विचारायचं.

मी उठले. डावं पाऊल फरशीला आधी नुसतं टेकलं, चाचपलं आणि मग त्याने भार घेतला.